सकाळी गाडी हवा का घेते?

तिसऱ्या वर्षाला आय. सी. इंजिन्सचा पेपर मी बऱ्यापैकी मार्कांनी काढला. त्यात डिझेलच्या इंधन प्रणालीवर एक प्रश्न हमखास येतो. आकृती काढा, नावे द्या, थोडक्यात कार्य लिहा. टाकी, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप, नोझल. माझी आकृती सुबक होती. फक्त एक गोष्ट होती, मी टाकी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काढली होती. जागा तिथे मोकळी होती म्हणून. सरांनीही काही म्हटले नाही, पूर्ण मार्क दिले.

खऱ्या ट्रकची टाकी चॅसीच्या बाजूला खाली लोंबत असते आणि पंप तिच्यापेक्षा वर, इंजिनाला चिकटून असतो. म्हणजे डिझेल वर ओढून न्यावे लागते, आणि गाडी बंद झाली की ते परत खाली जायला टपलेले असते. एवढे एक वाक्य मला परीक्षेआधी कुणी सांगितले असते तर गेल्या डिसेंबरात मामांपुढे जी फजिती झाली ती झाली नसती.

मामांचे गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातला एक सहा सिलिंडरचा ट्रक आहे. वर्षभर वाळू, विटा, मिळेल ते भाडे मारतो आणि हंगामात ऊस. हंगामात पहाटे चारला फडावर पोचायचे, टोळीने भरून दिले की कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायचा. नंबर चुकला की दिवस गेला. गाडी उभी राहिली की ऊस वाळतो, वजन घटते, शेतकरी वैतागतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याची गाडी बोलावतो.

तर ही गाडी पहाटे चालू होईना. मी सुट्टीला गेलो तेव्हा हा प्रकार सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. क्लीनर पोरगा रोज अंधारात बॅटरी तोंडात धरून हँड प्रायमर मारत बसायचा. पन्नास-साठ वेळा. मग सेल्फ, मग पुन्हा प्रायमर, मग सेल्फ. कधीतरी धूर सोडत उचलायची. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. चहाला वीस मिनिटे बंद केली तरी अर्ध्या सेल्फवर चालू. पण रात्र गेली की पुन्हा तेच.

"तू इंजिनेर होणार ना रं? मग सांग की, हिला रात्रीत काय होतंय," मामा म्हणाले.

मामांनी तोवर बरेच काही करून पाहिले होते. कुणी सांगितले पंप गेला, म्हणून पंप उतरवून कॅलिब्रेशन करून आणला. फरक शून्य. कुणी सांगितले बॅटरी उतरली, म्हणून बॅटरी बदलली. मग रोज एवढा सेल्फ मारून मारून सेल्फच जळाला, तो भरून आणला. आधीच्या महिन्याची कमाई जवळजवळ यातच गेली होती. मामी काही बोलत नव्हत्या, पण जेवताना गाडीचा विषय निघाला की उठून आत जायच्या.

आता गोष्ट जरा बाजूला ठेवून आत काय चालते ते बघू. गणितासाठी टाटाचे ६९७ इंजिन घेऊ, कारण जुन्या ट्रकमध्ये तेच जास्त दिसायचे आणि नावातच माहिती आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. (टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता. हे इंजिन त्याच घराण्यातले.) स्ट्रोक १२८ मिलिमीटर, म्हणजे एकूण ५६७५ सीसी, एका सिलिंडरला साधारण ९४६ सीसी. टर्बो नसलेल्या इंजिनात एका वेळेला आत येणारी हवा ग्रॅमभराच्या आसपास. पूर्ण लोडला हवा-इंधन प्रमाण वीस-बावीसला एक धरले तर एका फवाऱ्याला डिझेल लागते सुमारे ५५ घन मिलिमीटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाएवढे. तो थेंब साधारण २०० बार दाबाने नोझल उघडून आत जायचा असतो.

आता पंपापासून नोझलपर्यंतचा पाईप बघा. आतला व्यास २ मिलिमीटर, लांबी ६० सेंटीमीटर धरा. घनफळ झाले १८८५ घन मिलिमीटर. हा पाईप डिझेलने भरलेला असेल तर मागून ५५ ढकलले की पुढून फवारा निघतो, कारण द्रव दबत नाही (जवळजवळ). पण पाईपात हवा असेल तर? ५५ ने १८८५ ची हवा जेमतेम तीन टक्के दबते. दाब १ बारवरून १.०३ वर जातो. नोझलला २०० हवेत. ती हलणारसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, एका फेरीत नाही तर अनेक फेऱ्यांत भरेल. भरेल, कागदावर ३४ फेऱ्यांत. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. सेल्फने इंजिन मिनिटाला दीडशे फेरे फिरवले तर पंपाचे ७५, म्हणजे ३४ फेऱ्यांना सत्तावीस सेकंद. शिवाय डिलिव्हरी व्हॉल्व्ह प्रत्येक फेरीला बसताना थोडे माप मागे ओढतो, तो त्याचा धर्मच आहे, नाहीतर नोझल गळेल. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून बराच लागतो. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे हा साधा नियम. मामांचा सेल्फ का जळाला ते यात आले.

आणि हवा पाईपात नसून खुद्द पंपाच्या बॅरलमध्ये असेल तर फेऱ्या मोजण्यातही अर्थ नाही. प्लंजर वर गेला की हवा दबते, खाली आला की तीच हवा फुगते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतच नाही. दिवसभर स्प्रिंग दाबत बसल्यासारखे.

म्हणून गाडीने हवा घेतली की हाताने काढावी लागते. ती काढायची कशी हे सगळे मिस्त्री सांगतात. ती आली कुठून, हे फार थोडे सांगतात.

टाकीच्या तळापासून फीड पंपापर्यंतची उंची ७० सेंटीमीटर धरा. डिझेलची घनता लिटरला ०.८३ किलोच्या आसपास. त्या स्तंभाचा दाब भरतो ०.०५७ बार. म्हणजे गाडी उभी असताना वरच्या नळीत वातावरणापेक्षा इतका दाब कमी असतो. फार नाही, पण रात्रभर असतो. तिथल्या एखाद्या जोडाला केसाएवढी जरी फट असली तर बाहेरची हवा आत जाते आणि डिझेलचा स्तंभ तेवढा खाली उतरतो. आणि मुख्य गोष्ट, डिझेल बाहेर येत नाही. दाब आत कमी आहे, बाहेर जास्त आहे, मग गळेल कसे? जोड वरून कोरडा ठणठणीत. हात फिरवून बघणारा फसतो. त्यात हवेची स्निग्धता डिझेलच्या मानाने इतकी कमी, की ज्या फटीतून डिझेल थेंबभरही सरकणार नाही तिथून हवा शंभरपटीहून जास्त वेगाने जाते.

टाकीपासूनची नळी आतून ८ मिलिमीटर आणि ३ मीटर लांब असेल तर तिच्यात १५० सीसी डिझेल मावते. ती आठ तासांत रिकामी व्हायला मिनिटाला फक्त ०.३ सीसी हवा पुरते. मिनिटाला एक छोटा बुडबुडा. म्हणूनच चहाच्या वीस मिनिटांत काही होत नाही आणि रात्रीत सगळे होते. हे गणित मी मामांच्या ओसरीवर बसून केले तेव्हा मला फार आनंद झाला. तिथेच घोटाळा झाला.

मी ठरवले की डिझेल खाली जातेय ना, मग त्याला जाऊच द्यायचे नाही. टाकीजवळ नळीत एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवू. तालुक्याला जाऊन एक पितळी व्हॉल्व्ह आणला, स्प्रिंगचा, बहुधा पाण्याच्या किंवा हवेच्या लाईनचा. बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या सेल्फला चालू! मामांनी गावभर सांगितले. तिसऱ्या दिवशीही चालू.

चौथ्या रात्री भरलेली गाडी कॅनॉलच्या पुलाच्या चढावर झटके मारायला लागली आणि बरोबर मध्यावर बंद पडली. क्लीनरने उडी मारून चाकांखाली दगड लावले. मी केबिनमध्येच होतो. मागे ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर, त्यांचे हॉर्न, आणि मामा ब्रेकवर पाय दाबून बसलेले, एक शब्द न बोलता. गाडी मागे सरकली असती तर काय झाले असते हे अजून डोक्यातून जात नाही.

चूक काय झाली? व्हॉल्व्हने स्तंभ धरून ठेवला हे खरे. पण फट होती तिथेच होती. स्तंभ खाली सरकत नव्हता म्हणून उभ्या गाडीत हवा शिरायला जागा मिळत नव्हती, इतकेच. चालू गाडीत फीड पंप ओढतोच आहे, तेव्हा हवा येतच होती. पूर्वी ती थोडी असायची आणि जास्तीच्या डिझेलबरोबर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्न पाईपाने टाकीत परत जायची, कुणाला कळत नसे. माझ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक आणि भोक बारीक. तो उघडायलाच फीड पंपाला जास्त जोर लावावा लागत होता, म्हणजे नळीतला दाब आणखी खाली गेला, फटीतून हवा आणखी आली. चढावर डिझेलची मागणी वाढली आणि पुरवठ्यात हवेचाच हिस्सा वाढला. स्प्रिंग किती दाबाला उघडते हे विकत घेताना मी विचारलेसुद्धा नव्हते. योग्य मापाचा, डिझेलसाठीचा, हलका व्हॉल्व्ह चालतो, नाही असे नाही. पण फट शोधल्यानंतर. आधी बसवला तर तो फक्त रोग झाकतो.

सकाळी शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी माझा व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिला, बोलले काही नाही. मग पाच लिटरचा एक कॅन बॉनेटच्या उंचीला तारेने टांगला, त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडली, हवा काढली आणि गाडी चालू करून अर्धा तास पळवली. रात्री तशीच ठेवली. पहाटे पहिल्या सेल्फला चालू.

"म्हंजी पंप बरा हाय, फिल्टर बरा हाय," अण्णा म्हणाले. "आता जे काय ते टाकीपास्नं हितवर."

इथे थांबून सांगतो, मला ही पद्धत कुठल्याही गेजपेक्षा आवडली. प्रणालीचे दोन भाग पाडले आणि एक भाग निर्दोष ठरवला. कॅन वर असल्याने त्या नळीत दाब उणे नव्हताच, त्यामुळे हवा शिरायचे कारणच उरले नाही. नंतर त्यांनी कॅन काढून मूळ नळी जोडली, पण फीड पंपाच्या आधी आणि नंतर वीतभर पारदर्शक नळीचे तुकडे घातले. गाडी चालू केली. आधीच्या तुकड्यात डिझेल स्वच्छ. नंतरच्या तुकड्यात साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे. म्हणजे हवा त्या दोन तुकड्यांच्या मध्ये शिरते. मध्ये आहे काय? फीड पंप, त्याचा हँड प्रायमर आणि इनलेटचा बॅन्जो बोल्ट.

प्रायमरचा गोंडा घट्ट होता. (हा सैल राहिला तरी हवा घेते. घाईत प्रायमर मारून गोंडा परत न आवळणे ही फार सामान्य चूक आहे.) बॅन्जो बोल्ट खोलला तर दोन्ही बाजूचे तांब्याचे वायसर निघाले, त्यावर जुन्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि एकाला नखाला लागेल अशी आडवी चीर. बोल्टच्या आट्यांवर पांढऱ्या टेफलॉन टेपचे अवशेष. अण्णांनी क्लीनरला विचारले, "फिल्टर कवा बदलला व्हता?" पोरगा हळूच म्हणाला, हंगामाच्या सुरुवातीला. तेव्हाच त्याने खालची जाळी धुवायला हा बोल्ट खोलला होता, जुनेच वायसर परत लावले होते, ओले दिसले म्हणून टेप गुंडाळली होती. त्रास त्यानंतर चार दिवसांनी सुरू झाला. तारखा सगळ्यांना माहीत होत्या, जोडून कुणी पाहिल्या नव्हत्या, मीही नाही.

तांबे एकदा दाबले की कडक होते. पहिल्यांदा ते मऊ असते म्हणून पृष्ठभागाच्या खाचाखोचांत बसते. दुसऱ्यांदा ते वळत नाही. मटेरियल सायन्सला वर्क हार्डनिंग म्हणून आपण जे शिकतो ते हेच. नवीन वायसर नसेल तर जुना लालभडक तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो, वरची काळी खपली घासून काढायची. पण चीर पडलेला किंवा खोल वळी पडलेला फेकूनच द्यायचा. आणि टेप या जोडाला उपयोगाची नाही, कारण बॅन्जो आट्यांवर सील होत नाही, वायसरवर होतो.

टेपने आणखी एक काम केले होते. फीड पंप उघडला तेव्हा इनलेटच्या छोट्या व्हॉल्व्हखाली टेपचा तुकडा अडकलेला सापडला. हवा वरून शिरली तरी डिझेल खाली जायला वाट लागते. फीड पंपाचे दोन व्हॉल्व्ह नीट बसत असतील तर फिल्टर आणि पंपातले डिझेल तरी जागेवर राहते, प्रायमरचे काम कमी होते. इथे दोन्ही गोष्टी जमून आल्या होत्या. म्हणून नुसती नळी नाही, फिल्टरसुद्धा अर्धा रिकामा होत होता.

नवीन वायसर लावले, व्हॉल्व्ह साफ केला. मग अण्णांनी माझ्याकडून हवा काढून घेतली, बहुधा मुद्दाम. क्रम असा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला दगड. प्रायमरचा गोंडा सोडायचा. आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन फेरे सैल करायचा, दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा पहिला, आणि फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारायचा. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा, थांबून नाही, नाहीतर शेवटची हवा परत आत. मग पंपावरचा स्क्रू, तसेच. एवढ्यावर बहुतेक वेळा गाडी उचलते. नाही उचलली तर दोन-तीन नोझलचे पाईप नट अर्धा फेरा सैल करून थोडा सेल्फ मारायचा, डिझेल उसळले की आवळायचे. एका प्रायमरच्या दाबाला पाच-सहा सीसी धरले तर १५० सीसीची नळी भरायलाच पंचवीस-तीस दाब लागतात, वर फिल्टर. तेव्हा दहा दाबांत काही झाले नाही म्हणून सेल्फकडे पळू नका.

सैल नटासमोर हात किंवा तोंड नेऊ नका. दोनशे बारचा फवारा कातडीतून आत जातो आणि वरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच दवाखाना. इनटेकला पेटता बोळा धरायची जुनी पद्धतही सोडून द्या. आणि हे नट सैल करायचे प्रकरण फक्त जुन्या इनलाईन पंपाच्या गाड्यांचे. कॉमन रेलच्या गाडीला दाब हजार बारच्या बराच वर जातो, तिथे पाना लावायचाच नाही. आपल्याकडे ट्रकना बी. एस. ४ एप्रिल २०१७ पासून आणि बी. एस. ६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, तेव्हा नवीन गाडी दिसली की आधी हे बघायचे. जुन्या पंपावर बहुधा मायको हे नाव दिसेल. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, गॅरेजमध्ये अजून मायकोच.

शोधताना अजून काही जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. फीड पंपाच्या पुढचा जोड खराब असेल तर तो गाडी चालू असताना ओला होतो, कारण तिथे एक-दीड बार दाब असतो. तोच जोड रात्री हवा घेतो. म्हणजे पुढचा जोड ओला शोधायचा आणि मागचा जोड बुडबुड्यांवरून. टाकीच्या आतली ओढनळी वरच्या बाजूला चिरली असेल तर टाकी भरलेली असताना काहीच होत नाही आणि निम्म्याखाली गेली की त्रास सुरू. हे लक्षण ओळखू आले की दोन दिवस वाचतात. चॅसीला घासणारी लोखंडी नळी, क्लिपखाली कडक झालेला रबरी पाईप, फिल्टरच्या झाकणाचे गॅस्केट, न बसणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, यातले काहीही असू शकते. हवेच्या दाबाने नळी तपासायची तर दोन्ही टोके सोडून, नळीपुरतीच, सायकलच्या पंपाने हलक्या हाताने. टाकीत हवा भरू नका, टाकी फुगते.

गाडी चढावर तोंड करून उभी करत असाल तर तेही बदला. पंप टाकीच्या दीड मीटर पुढे असेल आणि चढ दहाला एक असेल तर उंची पंधरा सेंटीमीटरने वाढते. ७० चे ८५. मामांचे अंगण नेमके घराकडे चढते आणि गाडी रोज घराकडे तोंड करून लावलेली. आता उलटी लावतात.

अण्णांनी पैसे फारसे घेतले नाहीत. वायसरचे आणि चहाचे. मामांनी त्या दिवशी डिझेलच्या डब्याशेजारी एक प्लास्टिकची बरणी ठेवली, तिच्यात प्रत्येक मापाचे नवीन वायसर. क्लीनर पोराला कुणी ओरडले नाही. माझा पितळी व्हॉल्व्ह मी इथे हॉस्टेलवर आणला आहे, रूममध्ये खिडकीवर आहे, कुणाला बघायचा असेल तर या.

परत आल्यावर हॉस्टेलमागच्या जनरेटरकडे जाऊन पाहिले. आठवड्यातून एकदा चालवतात, आणि चालू करायच्या आधी वॉचमनकाका दर वेळी प्रायमर मारतात. टाकी खाली बेसमध्ये आहे. काकांना विचारले, आधीपासून असेच आहे का. म्हणाले, नाही, गेल्या सर्व्हिसिंगनंतर. वर्कशॉपमधून वीतभर पारदर्शक नळी आणि दोन क्लिपा मागितल्या आहेत, शनिवारी सकाळी काका आणि मी बघणार आहोत.